विजया व तत्सम वनस्पतिद्रव्यांच्या कोठारातील आर्द्रता आणि वायुवीजन

प्रस्तावना

निदान अचूक असावे, कल्पाची निवड शास्त्रोक्त असावी, मात्रा व अनुपान यथायोग्य असावे, आणि तरीही रुग्णास अपेक्षित गुण येऊ नये, असा अनुभव पावसाळ्यानंतरच्या दिवसांत अनेक चिकित्सकांना येतो. त्या वेळी दोष बहुधा व्याधीच्या बलावर किंवा रुग्णाच्या अपथ्यावर टाकला जातो. परंतु औषधी द्रव्य ज्या कोठारात चार महिने पडून होते, त्या कोठाराची हवा कशी होती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आषाढ-श्रावणात द्रव्याला सादळ लागते, पुढे बुरशी येते, आणि भाद्रपदात तेच द्रव्य चाळून, उन्हात घालून चूर्णासाठी घेतले जाते. हा प्रकार केवळ गुणहानीचा नसून रुग्णाच्या सुरक्षिततेचा आहे.

प्रस्तुत लेखात आपण विजया म्हणजे भांग हे द्रव्य उदाहरणादाखल घेऊन आर्द्रता व वायुवीजन यांचा विचार करणार आहोत. विजया निवडण्याचे कारण असे की, या द्रव्याचे शोधन करताना ते पूर्णपणे भिजते, त्याचे वीर्य प्रकाश व उष्णता यांनी लवकर घटते, आणि ते कायद्याने नियंत्रित असल्याने बंद खोलीतच ठेवावे लागते. ओलावा, प्रकाश व कोंदट हवा हे तिन्ही प्रश्न येथे एकत्र येतात. विजयेसाठी जी व्यवस्था पुरेशी ठरेल, ती सुंठ, अश्वगंधा, शतावरी आदी द्रव्यांना सहज लागू पडेल.

ग्रंथोक्त विचार

भेषजागाराविषयी चरकसंहितेच्या कल्पस्थानात सविस्तर निर्देश आहेत. द्वार पूर्वेस किंवा उत्तरेस असावे. आतील भाग निवात असावा, परंतु एका बाजूने हवा खेळती असावी. अग्नी, पाणी, उपस्वेद, धूर, धूळ, उंदीर व जनावरे यांचा उपद्रव नसावा. द्रव्ये नीट झाकून शिंक्यावर टांगून ठेवावीत, असा त्याचा आशय आहे. सुश्रुताचार्यांनीही धूर, पाऊस, वारा व क्लेद यांपासून सर्व ऋतूंत सुरक्षित अशा गृहाचा आग्रह धरला आहे.

यातील दोन गोष्टी आजच्या औषधनिर्मात्याने विशेष लक्षात घ्याव्यात. पहिली, ‘उपस्वेद’ म्हणजे भिंती, जमीन व झाकणे यांना सुटणारा दमटपणा हा पाण्याहून वेगळा दोष म्हणून सांगितला आहे. दुसरी, कोठार निवात हवे आणि त्याच वेळी एका बाजूने हवाही हवी, ही वरकरणी विरोधी वाटणारी अपेक्षा. या विरोधाचा परिहार पुढील विवेचनात होईल.

शार्ङ्गधरसंहितेत वनस्पतिद्रव्य वर्षानंतर, चूर्ण दोन महिन्यांनंतर, तर गुटिका व अवलेह वर्षानंतर हीनवीर्य होतात असे सांगितले आहे. चूर्णाचा काळ इतका अल्प असण्याचे एक कारण उघड आहे. द्रव्याचे जितके सूक्ष्म विभाजन, तितका हवेशी व हवेतील बाष्पाशी त्याचा संबंध अधिक.

आर्द्रता म्हणजे नेमके काय

हवेत बाष्प सामावण्याची क्षमता तापमानावर अवलंबून असते. एक घनमीटर हवा १५ अंश सेल्सिअसला सुमारे १३ ग्रॅम, २० अंशांना १७ ग्रॅम, २५ अंशांना २३ ग्रॅम, ३० अंशांना ३० ग्रॅम, ३५ अंशांना ४० ग्रॅम आणि ४० अंशांना ५१ ग्रॅम बाष्प धारण करू शकते. या कमाल क्षमतेच्या किती टक्के बाष्प प्रत्यक्षात आहे, तो आकडा म्हणजे सापेक्ष आर्द्रता. यंत्रावर दिसणारी टक्केवारी हीच असते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. नुसत्या टक्केवारीवरून बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा कोरडी की दमट, हे ठरवता येत नाही. मुंबई-कोकणात जुलै महिन्यात बाहेर २८ अंश तापमान व ८५ टक्के आर्द्रता असेल, तर प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे २३ ग्रॅम बाष्प असते. कोठार वातानुकूलनाने २५ अंशांवर ठेवले असेल आणि ही हवा आत आली, तर ती तेथे जवळजवळ संपृक्त होते. थंड भिंतीवर, पत्र्याच्या डब्यावर दव धरते. याउलट, पुण्यात पौष महिन्यातील पहाटे १५ अंश व ६० टक्के अशी हवा असेल, तर तीत जेमतेम ८ ग्रॅम बाष्प असते. तीच हवा २५ अंशांच्या खोलीत आल्यावर तिची आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास येते. विदर्भातील वैशाखातल्या दुपारी ४२ अंश व १५ टक्के हवेतही ८ ग्रॅमच्या आसपासच बाष्प असते. मात्र ती हवा कोरडी असली तरी तिची उष्णता सुगंधी द्रव्यांना मारक ठरते.

किती आर्द्रता घातक

वनस्पतिद्रव्य भोवतालच्या हवेशी ओलाव्याची देवाणघेवाण करीत राहते व काही दिवसांत तिच्याशी समतोल साधते. द्रव्याभोवतीच्या हवेची समतोल आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असेल, तर कोणताही सूक्ष्मजीव वाढू शकत नाही. ६५ टक्क्यांच्या पुढे कोरडेपणा सहन करणाऱ्या बुरशी मंदगतीने वाढू लागतात. ८० टक्क्यांच्या आसपास ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढते आणि त्याहून थोड्या अधिक आर्द्रतेत ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करते.

या विषाचे गांभीर्य आपल्याला नवे नाही. १९७४ साली राजस्थान व गुजरातच्या सीमाभागातील आदिवासी गावांत बुरसलेला मका खाण्यात आल्याने यकृतविकाराची मोठी साथ उद्भवली आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. अफ्लाटॉक्सिन हे यकृताच्या कर्करोगास कारणीभूत ठरणारे द्रव्य म्हणून सिद्ध झालेले आहे. उकळणे, उन्हात घालणे किंवा नित्याचे भर्जन यांनी बुरशी मरते, परंतु तिने निर्माण केलेले विष पूर्णपणे नष्ट होत नाही. म्हणून बुरसलेले द्रव्य पुसून, वाळवून किंवा इतर मालात मिसळून वापरणे सर्वथा त्याज्य होय. कामलेच्या रुग्णाला दिलेल्या कल्पातच यकृतघातक विष असावे, याहून मोठा प्रमाद कोणता?

ओलाव्याबरोबर कीडही येते. जुन्या औषधदुकानांत हमखास आढळणारा स्टेगोबियम पॅनिसियम हा लहान तपकिरी भुंगेरा इंग्रजीत औषधदुकानाच्याच नावाने ओळखला जातो. सुंठ, अश्वगंधा यांसारख्या पिष्टमय द्रव्यांना तो पोखरतो.

क्षारांची गोष्ट वेगळी आहे. यवक्षारात पोटॅशिअम कार्बोनेटचा अंश असतो व ते ४३ टक्के आर्द्रतेच्या पुढेच पाणी ओढून पाझरू लागते. म्हणजे ५५ टक्क्यांचे उत्तम कोठारही क्षारांना पुरेसे नाही. त्यांना घट्ट बुचाची काचेची बाटलीच हवी.

विजयेचे वैशिष्ट्य

जातीफलादी चूर्ण, मदनानंद मोदक, त्रैलोक्यविजया वटी आदी कल्पांत विजया येते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील ‘गांजा’च्या व्याख्येतून, शेंड्यांसोबत नसलेली पाने व बिया वगळलेल्या आहेत, तथापि भांगेवर राज्याच्या कायद्याचे नियंत्रण असते व परवाना आवश्यक असतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये भांगेची गणना विषारी द्रव्यांत होते, त्यामुळे अशा कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. साहजिकच हे द्रव्य कुलूपबंद, बहुधा खिडकी नसलेल्या खोलीत ठेवले जाते आणि नेमकी तीच खोली सर्वांत कोंदट असते.

विजयेतील मुख्य मादक घटक टेट्राहायड्रोकॅनॅबिनॉल हा हवा, प्रकाश व उष्णता यांमुळे हळूहळू कॅनॅबिनॉल या अल्पवीर्य घटकात रूपांतरित होतो. फेअरबेर्न व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, साठवणुकीत प्रकाश हा सर्वांत मोठा घातक घटक असून नीट वाळवलेले द्रव्य अंधारात ठेवल्यास एक ते दोन वर्षे बऱ्यापैकी टिकते, असे आढळले. म्हणून ओल घालविण्यासाठी विजया कडक उन्हात पसरणे हा उपाय एक दोष काढून दुसरा देणारा आहे.

बंदिस्त लागवडीपासून घेण्याचा बोध

नेदरलँड्समध्ये २००३ पासून औषधालयांतून वैद्याच्या पत्रावर या वनस्पतीची पुष्पे मिळतात आणि ती बंदिस्त, नियंत्रित खोल्यांत वाढवली जातात. कॅनडातही परवानाधारक उत्पादक अशीच लागवड करतात. आपल्याकडे परवान्यावाचून ही लागवड गुन्हा आहे, आणि तिचा पुरस्कार हा आमचा हेतू नाही. परंतु बंद खोलीतील हवेविषयी तेथे जे ज्ञान सिद्ध झाले, ते आपल्या कोठारासही उपयोगी आहे.

वनस्पतीस घातलेल्या पाण्यापैकी बहुतेक सर्व पाणी पानांवाटे हवेत जाते. रोज ५० लिटर पाणी देणाऱ्या खोलीतून रोज जवळपास तितकेच पाणी बाहेर काढावे लागते. अन्यथा ते पुष्पांवर उतरते. म्हणून पुष्पकाळात तेथे आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राखतात. खरे संकट येते ते दिवे मालवल्यावर. दिवसा २६ अंश व ५५ टक्के असलेली हवा रात्री २० अंशांवर उतरली की, बाष्पात एका ग्रॅमचीही भर न पडता तिची आर्द्रता ७७-७८ टक्के होते. घट्ट पुष्पगुच्छांच्या आत राखाडी बुरशी धरते ती अशाच रात्रींत.

यातून तीन बोध मिळतात. एक, ओलाव्याचा हिशेब ग्रॅम-लिटरमध्ये करावा. दोन, रात्रीचे तापमान पाहिल्यावाचून दिवसाच्या नोंदीवर विसंबू नये. तीन, खोलीच्या मध्यभागी असलेली आर्द्रता आणि ढिगाच्या आतील आर्द्रता एक नसते. तेथील उत्पादनासाठी २०१८ पासून प्रचारात आलेल्या एका मानकानुसार वाळलेल्या पुष्पांची समतोल आर्द्रता ५५ ते ६५ टक्के राखली जाते. आपण वरची मर्यादा ६० टक्के धरावी, असे आम्ही सुचवितो. कारण आपले द्रव्य त्यानंतर चूर्णरूपाने महाराष्ट्राच्या पावसाळ्याला तोंड देणार असते.

शोधनोत्तर शुष्कीकरण

गोदुग्धात स्वेदन, जलाने प्रक्षालन, शुष्कीकरण आणि गोघृतात मंदाग्नीवर भर्जन, असा विजयाशोधनाचा एक प्रचलित क्रम आहे. यात सर्वांत धोक्याचा टप्पा प्रक्षालनानंतरचा आहे. दुधाचा अंश राहिलेली ओली पाने म्हणजे बुरशीला आयते अन्न. म्हणून पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुणे व त्यानंतर शीघ्र वाळविणे या दोन्ही गोष्टी अनिवार्य आहेत.

हिशेब करून पाहू. ७० टक्के ओलावा असलेली २० किलो पाने १० टक्के ओलाव्यावर आणावयाची आहेत. कोरडा भाग ६ किलो. अंतिम वजन सुमारे ६.७ किलो, म्हणजे १३ किलोंहून अधिक पाणी हवेवाटे घालवावे लागेल. कोकणातील पावसाळी हवा ४० अंशांपर्यंत तापवून पानांवरून नेली, तर तिची आर्द्रता आधी ४३ टक्क्यांवर येते. पानांतील पाणी शोषताना ती थंड होते व ३५ अंशांवर बाहेर पडेपर्यंत दर घनमीटरमागे केवळ २ ते ३ ग्रॅम पाणी घेऊन जाते. म्हणजे १३ किलो पाण्यासाठी सुमारे ४,३०० ते ६,५०० घनमीटर हवा लागते. हे काम २४ तासांत करावयाचे तर ताशी १८० ते २७० घनमीटर हवा हवी. ३ मीटर रुंद, ४ मीटर लांब व ३ मीटर उंच खोलीत याचा अर्थ, तासाला पाच ते साडेसात वेळा खोलीतील संपूर्ण हवा बदलली पाहिजे.

येथे वायुवीजन हाच प्राण आहे. दारे-खिडक्या बंद करून नुसता हीटर लावला तर खोली उकडहंडी बनते. पाने वाळण्याऐवजी वाफाळतात. म्हणून गरम हवा खालून आत यावी व एक्झॉस्ट फॅनने वरून बाहेर जावी. पाने जाळीच्या ट्रेवर पातळ थरात पसरावीत व दर काही तासांनी वरखाली करावीत. चुलीचा धूर खोलीत येऊ देऊ नये. शक्य असल्यास शोधनाचे वार्षिक काम दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांतच उरकावे, हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

कोठाराचे वायुवीजन

आता चरकाचार्यांच्या अपेक्षेकडे वळू. शुष्कीकरणाच्या खोलीत वारा हवा, तर कोठारात स्थैर्य हवे. जेथे द्रव्याचा ओलावा बाहेर काढावयाचा आहे तेथे हवा वाहती ठेवावी. जेथे बाहेरचा ओलावा आत येऊ द्यावयाचा नाही तेथे ती अडवावी. निवात म्हणजे कोंदट नव्हे. हवा आपल्या इच्छेने आत यावी, तिच्या इच्छेने नव्हे, असा त्याचा व्यवहारातील अर्थ आम्ही घेतो. एक दार, एक नियंत्रित खिडकी, बाकी सर्व फटी बंद.

खिडकी उघडण्याचा नियम साधा आहे. आतील व बाहेरील तापमान आणि आर्द्रता मोजावी; वर दिलेल्या क्षमतेस टक्केवारीने गुणून दोन्हीकडील बाष्पाचे ग्रॅम काढावेत; बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा कमी असेल तरच उघडावे. जून ते सप्टेंबर या काळात कोकण व घाटमाथ्यावर ही वेळ क्वचितच येते. अनेक औषधालयांत पावसाळ्यातही एक्झॉस्ट फॅन दिवसभर चालू ठेवतात. तो आतली हवा बाहेर टाकतो खरा, पण तितकीच ओली हवा दाराच्या फटीतून आत खेचतो. छताचा पंखा हवा ढवळतो, ती कोरडी करीत नाही.

यंत्रे व शोषक द्रव्ये

वरील ३६ घनमीटर खोलीतील हवा २३ ग्रॅमवरून १४ ग्रॅमवर आणण्यासाठी केवळ ३२४ ग्रॅम पाणी काढावे लागते. कळीचा चुना स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३२ टक्के पाणी घेतो. म्हणजे एक किलो चुना पुरेल असे वाटेल. परंतु फटींतून दर दोन तासांनी खोलीभर नवी हवा येत असेल, तर दिवसाला सुमारे ४ लिटर पाणी आत येते. रोज बारा-तेरा किलो चुना कोण बदलणार? म्हणून खोलीसाठी डीह्युमिडिफायर व डब्यासाठी शोषक द्रव्य, अशी विभागणी करावी. यंत्र घेण्यापूर्वी दाराच्या फटींना रबरी पट्टी लावल्यास निम्म्याहून अधिक काम विनाखर्च होते. यंत्राचे पाणी नळीने खोलीबाहेर जावे. बादलीत साचवू नये.

वातानुकूलन यंत्रही पाणी काढते, परंतु रात्री बंद करून सकाळी दार उघडले की थंड झालेल्या मालावर दव धरते. ते वापरावयाचे तर सातत्याने, २५-२६ अंशांवर वापरावे.

सिलिका जेलच्या पुड्या १२० अंशांच्या आसपास तापवून पुन्हा वापरता येतात. रंग बदलणारी निळी सिलिका कोबाल्टयुक्त असते. तिच्याऐवजी नारिंगी घ्यावी. चुना वापरल्यास मडके अर्धेच भरावे, कारण पाणी घेऊन तो तापतो व फुगतो. द्रव्यास व डोळ्यांस त्याचा स्पर्श होऊ देऊ नये.

भांडी व मांडणी

गोणपाट हवेतील ओल पितो व मालास देतो. पावसाळ्यापूर्वी माल घट्ट झाकणाच्या पिंपांत हलवावा. मात्र अर्धवट वाळलेले द्रव्य हवाबंद पिंपात भरणे हे गोणपाटापेक्षाही घातक आहे. दिवसा द्रव्यातून निघालेले बाष्प रात्री झाकणाखाली पाणी होऊन वरच्या थरावर ठिबकते. शुष्कीकरणानंतर द्रव्य पूर्ण थंड करूनच भरावे. पिंपे जमिनीपासून १५ सेंटिमीटर उंच फळ्यांवर व भिंतीपासून ३० सेंटिमीटर दूर ठेवावीत. नैर्ऋत्य मोसमी पावसाचा मारा झेलणाऱ्या पश्चिम व दक्षिण भिंतींना मांडणी लावू नये. विजयेसाठी अपारदर्शक, काठोकाठ भरलेले पात्र घ्यावे.

मापन व नोंद

आर्द्रतामापक यंत्र विश्वासार्ह आहे की नाही, हे घरीच पाहता येते. झाकणाच्या डब्यात वाटीभर मीठ पाण्याने ओलसर करून, शेजारी यंत्र ठेवून डबा बंद करावा. काही तासांनी आकडा ७५ टक्के दिसला पाहिजे; जो फरक पडेल तो नोंदवून ठेवावा. विजेचे यंत्र नसल्यास दोन तापमापके पुरतात. एकाच्या फुग्यास ओली मलमल गुंडाळून पंख्याने वारा द्यावा. हवा २८ अंश असता दोहोंत २ अंशांचा फरक म्हणजे सुमारे ८५ टक्के, ४ अंशांचा म्हणजे ७२ टक्के व ६ अंशांचा म्हणजे ५९ टक्के आर्द्रता.

द्रव्य खरोखर वाळले का, हे हाताने चुरडून ठरविण्यापेक्षा पुढील परीक्षा करावी. काचेची बरणी दोन-तृतीयांश द्रव्याने भरावी, आत लहान आर्द्रतामापक ठेवून झाकण लावावे व २४ तासांनी वाचन घ्यावे. ६० टक्के वा त्याहून कमी असेल तर भरावे. अधिक असेल तर पुन्हा वाळवावे. प्रयोगशाळेत १०५ अंशांवरील शुष्कीकरणहानी काढतात. परंतु सुगंधी द्रव्यांत तैलांशही उडून जात असल्याने तो आकडा फुगतो, हे ध्यानी ठेवावे.

कोठारात सकाळी व सायंकाळी तापमान आणि आर्द्रता नोंदवावी. रात्रीचा किमान-कमाल आकडा राखणारे यंत्र घेतल्यास उत्तम. २००० साली लागू झालेल्या अनुसूची टी मध्येही कच्च्या मालाची जागा हवेशीर व दमटपणापासून मुक्त असावी अशी अपेक्षा आहे. अशी नोंदवही तपासणीच्या वेळी उपयोगी पडतेच, पण तिचा खरा उपयोग द्रव्य टाकावे की ठेवावे, हे ठरविताना होतो. सलग काही दिवस ७० टक्क्यांवर गेलेल्या मालाची परीक्षा झाल्याशिवाय तो खलात जाऊ नये.

उपसंहार

आर्द्रतेचे नियंत्रण हे मोठ्या कारखान्यांचे काम, लहान औषधालयास ते परवडणारे नाही, असा समज आहे. वस्तुतः वरील उपायांपैकी रबरी पट्टी, फळ्या, मिठाची परीक्षा, बरणीची परीक्षा व नोंदवही यांस फारसा खर्च नाही. खर्च आहे तो लक्ष देण्याचा. औषधालयचालकांनी रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी कोठाराची एकदा पूर्ण पाहणी करावी, आणि वैद्यांनी औषध मागविताना त्याच्या किमतीबरोबर त्याच्या साठवणुकीचीही चौकशी करावी. बुरसलेले पिंपभर द्रव्य टाकून देताना होणारे नुकसान डोळ्यांना दिसते. ते न टाकल्याने होणारे नुकसान मात्र ज्याने विश्वासाने पुडी उघडली, त्या रुग्णाच्या शरीरात होते. म्हणून संशयित द्रव्य टाकण्याचा निर्णय कोठारातच व्हावा, तो रुग्णाच्या यकृतावर सोडू नये, एवढीच आमची समव्यावसायिकांना विनंती आहे.